बोटातला लाल दिवा

समजा तुम्ही वारज्यात राहता. रात्री अभ्यासाला बसलात आणि वीज गेली. आईनं बॅटरी शोधून दिली, की आधी एक गंमत करा. बॅटरीच्या काचेवर बोट घट्ट टेकवा. काय दिसलं? बोट लालभडक! उजेड तर पांढरा होता. मग बाकीचे रंग गेले कुठे?

ते बरेचसे तुमच्या रक्तानं गिळले! तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असतं. प्राणवायू वाहणारा हा हमाल 'तानापिहिनिपाजा'मधले हिरवा, निळा, जांभळा हे रंग शोषतो आणि तांबडा बराचसा सोडून देतो.

१८६२ साली जर्मनीतल्या हॉपे-सायलर यांनी रक्ताच्या द्रावणातून गेलेल्या उजेडाचा वर्णपट पाहिला. पिवळ्या-हिरव्या भागात दोन काळे पट्टे! १८६४ साली केंब्रिजच्या स्टोक्स यांनी त्यातला प्राणवायू काढून घेतला, तर दोघांचा एकच रुंद पट्टा झाला. हवेत हलवलं, की पुन्हा दोन! करोनाच्या साथीत बोटाला लावायचा तो चिमटा, ऑक्सिमीटर, याच रंगबदलावर चालतो.

हिमोग्लोबिनमधलं लोह बिघडलं, की रक्त चॉकलेटी दिसतं आणि तांबड्या भागात, ६३० नॅनोमीटरजवळ, नवा पट्टा उमटतो. चोर सापडला!

पण सिकलसेलचा चोर लबाड. आपल्या नंदुरबार, गडचिरोली भागांत हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. यातलं हिमोग्लोबिन रंगानं जवळजवळ नेहमीसारखंच. मात्र प्राणवायू सुटला, की त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग असह्य वेदना होतात.

तो पकडायचा कसा? पुन्हा उजेडानंच! प्राणवायू काढून घेणाऱ्या रसायनात रक्ताचा थेंब टाकतात आणि नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या, तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर पुढची तपासणी. तिच्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करतात आणि ४१५ नॅनोमीटरच्या उजेडानं मोजतात. त्यावरून कळतं, की माणूस रोगी आहे की नुसता वाहक.

हे कळायलाच हवं, बरं का! वाहक धडधाकट दिसतो. पण आई-बाबा दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

तेव्हा वर्गातला एखादा मित्र खेळताना लवकर दमला, हातपाय दुखतात म्हणाला, तर त्याला 'नाटकी' म्हणू नका. हळूच विचारा, "डॉक्टरांना दाखवलंस का रे?"