सागाचं बी उगवत नाही? पेरण्याआधी दहा दिवस त्याच्यावर घाला

नर्सरीच्या व्हिडिओनंतर घाटंजीकडच्या एका मित्राचा फोन आला. "सर, सागाचं 5 किलो बी टाकलं. महिना झाला, वाफ्यात मोजून चाळीसेक रोपं. बी बोगस निघालं का?" मी विचारलं, भिजवलं होतं? "हो ना, एक रात्र."

इथेच गाडी अडते. आपण ज्याला सागाचं बी म्हणतो ते खरं तर अख्खं फळ आहे. वर फुग्यासारखं कागदी आवरण, त्याखाली तपकिरी लव, आत दगडासारखी आठळी. आठळीला चार कप्पे, आणि खरं बी त्या कप्प्यांत. काही कप्पे तर रिकामेच निघतात. एका रात्रीच्या पाण्यानं लव ओली होते, बस्स.

उपाय जुनाच आहे. फळं पोत्यात घालून चोळा, कागदी आवरण निघून जाईल. मग रात्रभर पाण्यात, दिवसभर कडक उन्हात पातळ पसरून. असं 10 ते 14 दिवस. आठळी फुगते, आकसते, सैल पडते. उगवण रोखणारे पदार्थ लवेतून धुऊन जातात, म्हणून पाणी रोज बदलायचं. थंड प्रदेशातल्या काही पाइनच्या बियांना पेरणीआधी काही आठवडे ओल्या थंडीत ठेवावं लागतं. आपल्या सागाला ऊन पाहिजे, आणि यवतमाळच्या एप्रिल-मेमध्ये ते फुकट आहे! अजून एक, ताज्या बियांपेक्षा वर्षभर कोरडं साठवलेलं बी बहुतेक वेळा जास्त उगवतं. जंगलातून परवानगीशिवाय गोळा करू नका. बांधावरच्या जुन्या, सरळसोट झाडांचं घ्या.

आता पैशाचं बोलू. किलोत साधारण 2,000 फळं धरा, म्हणजे 5 किलोत 10,000. समजा वाफे, पाणी, मजुरी मिळून 6,000 रुपये गेले. 1,000 रोपं आली तर रोप पडलं 6 रुपयांना, 3,000 आली तर 2 रुपयांना. खर्च तोच! म्हणून आधी 100 फळं वेगळी पेरून मोजा. तो आकडा हातात येईपर्यंत कुणाचा ॲडव्हान्स घेऊ नका. ऑर्डर घेऊन रोपं देता आली नाहीत की पैसे परत करता येतात, गावातलं नाव परत येत नाही. हे मी स्वतः भोगलंय.

सागजडी विकायची असेल तर हिशोब आणखी लांबतो. जडीसाठी रोप साधारण वर्षभराचं लागतं, म्हणजे या उन्हाळ्यात पेरलेलं पुढच्या जूनला विकलं जाणार. तोपर्यंत भांडवल वाफ्यातच.

आणि घाटंजीच्या दादांना एवढंच: वाफा उकरू नका. साग एकदम उगवत नाही, मागं राहिलेली काही फळं पुढच्या पावसाळ्यातही फुटतात. ओल ठेवा, तण काढा, आणि उरलेलं बी आज रात्रीच पाण्यात टाका.