गाडी आली, पण चावी मिळाली नाही

सोयाबीन-कपाशीचे पैसे हाती आले, की अकोला-अमरावतीत दसरा-पाडव्याचा मुहूर्त धरून गाडी बुक होते. अशा वेळी 'रिकॉलमुळे डिलिव्हरी थांबली' हे ऐकून मन खट्टू होणं साहजिक आहे. तरीही गाडी थांबली, हेच बरं.

जानेवारी 2023 मध्ये मारुती सुझुकीने 17,362 गाड्या परत तपासायला घेतल्या. 8 डिसेंबर 2022 ते 12 जानेवारी 2023 या काळात बनलेल्या ऑल्टो के10, एस-प्रेसो, ईको, ब्रेझा, बलेनो आणि ग्रँड विटारा अशा त्या गाड्या. संशय होता एअरबॅग कंट्रोलरवर. धडक कधी झाली हे ओळखून एअरबॅग उघडायचा हुकूम हाच भाग देतो. तो गप्प राहिला तर एअरबॅग असून नसल्यासारखीच. म्हणून भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असंच कंपनीने सांगितलं होतं.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110-अ आलं आणि सरकारला सदोष गाड्या परत मागवायला लावण्याचा अधिकार मिळाला. बहुतेक रिकॉल कंपन्या स्वतःहूनच करतात, दुरुस्ती मोफत असते.

तुमची गाडी त्यात आहे का, हे 17 अक्षरी चेसिस नंबरवरून कळतं. डीलरकडून विलंबाचं कारण लेखी मागा. भाग बदलल्याचं जॉबकार्ड पाहिल्यावरच ताबा घ्या, मुहूर्त टळला तरी चालेल. नोंदणी आणि विमाही तोवर थांबवता येतील का, हे आवर्जून विचारा. नाहीतर गाडी शोरूममध्ये उभी आणि विम्याचे दिवस चालू.