गोचिडांच्या पोटातील ताप

२०२० च्या सप्टेंबरअखेर, करोनाची साथ भरात असतानाच, पालघर जिल्ह्यात आणखी एका तापाबाबत सावधगिरीचे आदेश निघाले होते. शेजारच्या गुजरातमधील काही जिल्ह्यांत ‘काँगो ताप’ आढळल्याने तो गुरांच्या वाहतुकीबरोबर सीमा ओलांडील, अशी पशुसंवर्धन विभागाला धास्ती होती. या तापाचा विषाणू वाहून नेतो तो गोचीड. २०११ च्या जानेवारीत अहमदाबाद जिल्ह्यात हा रोग भारतात प्रथम सिद्ध झाला, तेव्हा रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिका यांचाही बळी गेला होता; त्यामुळे ही धास्ती अनाठायी नव्हती. मात्र अशा वेळी सारे लक्ष विषाणूंवर खिळते आणि गोचिडांमध्येच वस्ती करणारे रोगकारक जीवाणू चर्चेबाहेर राहतात.

त्यांपैकी प्रमुख म्हणजे ‘रिकेट्सिया’. गोचीड हा ताप पसरवितो हे १९०६ साली दाखवून देणारे अमेरिकी संशोधक हॉवर्ड रिकेट्स यांचे नाव या जीवाणूंना मिळाले. ते स्वतः १९१० मध्ये टायफसचा अभ्यास करतानाच त्या रोगाला बळी पडले. भारतात या वर्गातील जो ताप आढळतो त्याला ‘इंडियन टिक टायफस’ म्हणतात व कुत्र्यांच्या अंगावरील तपकिरी गोचीड हा त्याचा मुख्य वाहक मानला जातो. हा जीवाणू रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरात शिरतो. प्रथम ताप, डोकेदुखी, अंगदुखी. काही दिवसांनी अंगावर, विशेषतः तळहात व तळपायांवर पुरळ. साहजिकच डेंग्यू किंवा गोवर समजून उपचार होण्याचा संभव मोठा. अकोल्यातील बालरोगतज्ज्ञांनी अशा बालरुग्णांचा अभ्यास करून लवकर निदानासाठी लक्षणांना गुण देण्याची पद्धत सुचविली. त्यांचा निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला.

दुर्दैव असे की, या तापावरील औषध स्वस्त व परिचित आहे. डॉक्सिसायक्लिन वेळेवर दिल्यास बहुतेक रुग्णांचा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. पेनिसिलिन वर्गातील औषधे मात्र येथे निरुपयोगी, कारण जीवाणू पेशीच्या आत दडलेला असतो. शिवाय रक्तातील प्रतिपिंडे दिसू लागण्यास साधारण आठवडा लागतो. म्हणजे सुरुवातीची चाचणी नकारात्मक आली तरी रोग नाही, असे म्हणता येत नाही. डॉक्टरांना उपचार संशयावरूनच सुरू करावे लागतात. आणि संशय येण्यासाठी आपल्या परिसरात हा जीवाणू आहे, एवढे तरी ठाऊक असावे लागते. गोचिडांच्या पाहणीचे महत्त्व नेमके येथे आहे.

जव्हार-मोखाड्यातील जीवनक्रम पाहिला तर गोचिडाशी गाठ पडण्याचे प्रसंग पदोपदी येतात. नाचणी-वरईच्या शेतीसाठी राब भाजायचा म्हणून जंगलातून पालापाचोळा, फांद्या व गवत आणले जाते. शेळ्या, गुरे व कुत्री घराच्या पडवीत किंवा अंगणातच. गुरांच्या अंगावरील गोचीड बोटांनी उपटून चिरडणे हे तर पोरासोरांचे काम.

पाहणीची पद्धत साधी आहे. पांढरे कापड गवतावरून सावकाश ओढत न्यायचे. भक्ष्याची वाट पाहणारे गोचीड त्याला चिकटतात. चिमट्याने टिपून ते कुपीत भरायचे. जनावरांच्या अंगावरीलही वेगळे गोळा करायचे. विषाणू शोधायचा तर नमुने अतिशीत ठेवावे लागतात. पण जीवाणूंचा डीएनए सत्तर टक्के अल्कोहोलमध्येही टिकतो. मोखाड्यासारख्या दुर्गम तालुक्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय होय. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखली जाते, एका जातीच्या गोचिडांचे गट केले जातात व प्रत्येक गटाची पीसीआर चाचणी होते.

खरी मेख निष्कर्षात आहे. बैलाच्या अंगावरून काढलेल्या, रक्ताने टम्म फुगलेल्या गोचिडात जीवाणू सापडला, तर तो गोचिडाचा की नुकत्याच प्यालेल्या रक्तातला, हे सांगता येत नाही. गवतावरील उपाशी गोचिडात सापडला तर पुरावा अधिक भक्कम. त्यातही गोचिडांच्या शरीरात अनेक निरुपद्रवी जीवाणू जन्मभर नांदतात. म्हणून जीवाणू सापडल्याची बातमी म्हणजे साथीची बातमी नव्हे. माणसांमधील तापाच्या नोंदींशी तिचा मेळ घालावाच लागतो.

अशी पाहणी राज्याला अपरिचित नाही. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात माकडतापाने डोके वर काढल्यानंतर जंगलातील माकडांचे मृत्यू व गोचीड यांकडे लक्ष पुरविण्यात आले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला या कामाचा दीर्घ अनुभव आहे. ते रोगी सापडल्यावर झाले. रोगी सापडण्यापूर्वी कापड ओढायला बाहेर पडणे आपल्या आरोग्य यंत्रणेच्या अंगवळणी पडलेले नाही. विदर्भात २०१८ मध्ये ‘स्क्रब टायफस’चे रुग्ण आढळले, तेव्हा अनेकांनी ते नाव प्रथमच ऐकले. त्याचा वाहक गोचीड नव्हे, माइट नावाच्या किडीची अळी. पण औषध तेच, डॉक्सिसायक्लिन.

तोपर्यंत रानात जाणाऱ्यांनी, सहलीला जाणाऱ्या शहरवासीयांनीही, परतल्यावर काखा, जांघा, कानांमागची जागा तपासावी. चिकटलेला गोचीड रॉकेल ओतून वा चटका देऊन काढू नये, चिरडूही नये. बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावा व जागा साबणाने धुवावी. पुढील दोन आठवड्यांत ताप आल्यास गोचीड चावल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कारण ते आपण होऊन विचारतीलच असे नाही.