लिंगोच्या शाळेचे माजी विद्यार्थी

नृत्यशाळेची वर्षगाठ म्हटली की कार्यक्रम ठरलेला असतो. सभागृह, दीपप्रज्वलन, गुरूंच्या तसबिरीला हार, पहिल्या तुकडीच्या विद्यार्थिनींचा सत्कार, मग सगळ्यांत लहान वर्गाचा नाच आणि शेवटी आभार. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेच्या सुमारास जे भरतं त्याला कुणी स्नेहसंमेलन म्हणत नाही. यात्रा म्हणतात, कोया पुनेम महोत्सव म्हणतात. पण एका गुरूनं जिथं शिष्य घडवले असं मानलं जातं, तिथं त्या शिष्यांचे वंशज दरवर्षी परत येतात आणि आल्यावर नाचतात. शाळेची कथा पुराणाइतकी जुनी, संमेलन मात्र कालपरवाचं. यात्रेला आजचं रूप आलं ते 1984पासून. चाळीस वर्षं उलटून गेली, तेव्हा या शाळेनं काय राखलं आणि तिच्या हातून काय निसटलं, हे बघायला हरकत नाही.

आधी जागा. मुंबई–हावडा लोहमार्गावर गोंदिया सोडून छत्तीसगडकडे निघालं की आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा लागतं. इथून पुढे डोंगर, बोगदा आणि हाजरा फॉल. धनेगाव हे कचारगडच्या पायथ्याचं गाव. तिथून रानातली वाट चढत गेलं की डोंगराच्या कुशीत प्रचंड मोठी नैसर्गिक गुहा आहे. उत्तरेला मध्य प्रदेशातला बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. त्यामुळे इथल्या बाजारात मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी आणि गोंडी एकाच तागडीत तोलल्या जातात.

कोया पुनेम या गोंडांच्या धर्मपरंपरेत या गुहेची कथा अशी. माता कली कंकालीची 33 मुलं या गुहेत कोंडली गेली आणि तोंडावर मोठी शिळा लावली गेली. रायताड जंगोच्या मनाला ते लागलं. गुरू पारी कुपार लिंगोनं सुटकेचा मार्ग काढला. हिरासुका पाटालीर हा वादक. त्याच्या संगीतानं कोंडलेल्या मुलांच्या अंगात बळ आलं, शिळा हलली, मुलं बाहेर आली. हिरासुका मात्र त्याच शिळेखाली चिरडला गेला. पुढे लिंगोनं त्या 33 जणांना आपले शिष्य केलं, त्यांना पुनेम म्हणजे जगण्याची रीत शिकवली आणि ती सांगत फिरायला चारी दिशांना पाठवलं. गोंड समाजाच्या शिक्षणाची सुरुवात अशी एका वादकाच्या बलिदानापासून होते. इथं संगीत हा शिक्षणाचा फावल्या वेळचा विषय नाही. त्याच्याशिवाय शाळेचं दारच उघडलं नसतं.

लिंगोची कथा कागदावर आली ती नागपुरात. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून ऐकून ती उतरवून घेतली. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. वंशावळी आणि देवकथा गाऊन सांगणं हे त्यांचं काम. हिस्लॉप 1863मध्ये वारले. त्यांची टिपणं सर रिचर्ड टेम्पल यांनी 1866मध्ये छापली. त्या कथेत लिंगो विस्तव आणायला रिकाड गवाडी नावाच्या म्हाताऱ्या राक्षसाकडे जातो. म्हातारा चिडलेला असतो. लिंगो झाडावर चढून वाद्य छेडतो आणि म्हातारा राग विसरून नाचायला लागतो. त्याची बायको काय झालं म्हणून बघायला येते, तर तिचेही पाय थिरकायला लागतात. शत्रूला सोयरा करण्याची ही पहिली युक्ती, आणि ती नाचातून साधलेली.

ऐंशी वर्षांनी व्हेरियर एल्विन यांनी बस्तरच्या मुरियांवर मोठा ग्रंथ लिहिला, 1947मध्ये. त्यातला लिंगो गोटूल या युवागृहाचा संस्थापक आहे आणि अठरा वाद्यं वाजवणारा पहिला वादकही. एल्विनच्या या सगळ्या भटकंतीत शामराव हिवाळे हा मराठी माणूस त्यांच्या सोबत होता, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. हिवाळ्यांनी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, 1946मध्ये. गोटूलमध्ये गावातली अविवाहित मुलं-मुली संध्याकाळी जमत. थोरल्यांनी धाकट्यांना शिकवायचं हा तिथला नियम. मास्तर नाही, फी नाही, परीक्षा नाही. गाणं, पावलं, ढोल, पाहुण्याशी कसं बोलावं, लग्नाघरी कोणतं काम कुणी उचलावं, सगळं एकाच अंगणात. लग्न झालं की नाव कमी होई. शाळेतून बाहेर पडण्याचा दाखला तोच.

गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यात गोटूलची ही घडी बस्तरसारखी टिकली नाही. शेतीची पद्धत बदलली, जंगल सरकारी झालं, पोरं आश्रमशाळेत गेली. गावातल्या जाणत्या लोकांनीही कधी लाजेखातर, कधी टीकेच्या भीतीनं हात आखडता घेतला. गोटूलबद्दल बाहेरच्यांनी जे चवीनं लिहिलं त्याचाही त्यात वाटा होता. नाच तगला तो लग्नात, पेरणी-कापणीच्या सणांत आणि दिवाळीनंतरच्या मंडईत. मंडईच्या रात्री झाडीपट्टीत दंडार हा नाचगाण्याचा खेळ उभा राहतो, गावोगावची मंडळं येतात. शाळा मोडली, पण विद्यार्थी विखुरलेल्या ठिकाणी जमेल तसं गिरवत राहिले.

अशा वेळी कचारगडकडे लोकांचं लक्ष वळवलं ते मोजक्या कार्यकर्त्यांनी. त्यांत मोतीरावण कंगाली होते. रिझर्व्ह बँकेत नोकरी करून त्यांनी गोंडी भाषा, लिपी आणि धर्मकथा यांवर आयुष्यभर लिहिलं. ‘गोंडवाना दर्शन’ मासिकाचे संपादक सुन्हेरसिंह ताराम होते. कथा-गाण्यांतून येणारं लोहगड म्हणजेच दरेकशाच्या रानातली ही गुहा, अशी या कार्यकर्त्यांची मांडणी. सुरुवातीला चढून जाणारी माणसं थोडी होती. आज पाच दिवसांच्या यात्रेत लाखांनी लोक येतात. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशापासून. कंगाली 2015मध्ये गेले, ताराम 2018मध्ये. दोघांनी जे उभं केलं त्याची वाढ मात्र त्यांच्या मागेही थांबली नाही.

यात्रेचे दिवस माघातले. धान कापून शेतं मोकळी झालेली, पळस पेटलेला, मोहाला अजून अवकाश. दरेकसा स्टेशनावर उतरलेली माणसं पिवळे दुपट्टे गळ्यात टाकून चालू लागतात. समोरून येणाऱ्याला ‘जय सेवा’ म्हणायचं आणि पुढं व्हायचं. धनेगावात सप्तरंगी ध्वज, पुस्तकांची दुकानं, गोंडी दिनदर्शिका, मोठ्या कढयांतला भात. आणि मधल्या मोकळ्या जागेत, कुणी न सांगता, एक रिंगण धरलं जातं.

ते रिंगण जवळून बघण्यासारखं असतं. बायका एका ओळीत उभ्या राहतात, हात पाठीमागून एकमेकींच्या कमरेला. शेजारणीचा हात धरायचा नाही, तिच्या पलीकडच्या बाईचा धरायचा, म्हणजे ओळ घट्ट विणली जाते. एका बाजूनं रेला गाण्याची ओळ उचलायची, दुसऱ्या बाजूनं झेलायची. पाऊल साधं: एक पुढं, थोडं झुकून, मग मागं आणि बाजूला. नवी पोर आली की ती ओळीच्या शेपटाला लागते. तिला कुणी पावलं मोजून दाखवत नाही. ती खाली पायांकडे बघायला लागली की शेजारची मावशी हलकेच तिची हनुवटी वर करते. बघून चुकतंच, पाठीमागच्या हाताचा झोका कमरेला लागला की पाऊल आपोआप पडतं. दोन-तीन फेऱ्यांत पोरीला ते जमतं आणि चौथ्या फेरीला तिच्या शेपटाला दुसरी कुणीतरी लागलेली असते. काही मिनिटांपूर्वीची शिकाऊ आता शिकवते आहे. लिंगोच्या शाळेचा वर्ग असा चालतो.

चाळीस वर्षांत मैदानाशेजारी आणखी एक जागा तयार झाली, ती म्हणजे मंच. ध्वनिक्षेपक आले, सारख्या रंगाच्या साड्या आल्या, मोरपिसांचे तुरे आले, पथकाचं नाव पुकारणारा सूत्रसंचालक आला. हे केवळ कचारगडला झालं असं नाही. 1986मध्ये नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र सुरू झालं आणि आदिवासी नृत्यपथकांना शहरांतले महोत्सव खुले झाले. दंडकारण्यात माओवाद्यांच्या चेतना नाट्य मंचानं रेल्याच्या चालीवर प्रचाराची गाणी बसवली. सरकारला हा नाच हवा होता, बंदूकवाल्यांना हवा होता, दूरदर्शनला हवा होता. मागणी वाढली की माल बेताचा आणि घाईचा होतो. रात्रभर चालणारा नाच महोत्सवात काही मिनिटांत आटपतो. ओळ प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहते आणि शेपटाला लागायची जागाच उरत नाही.

म्हणून मंचाला नावं ठेवायची का? तसं करणं सोपं आहे, पण खरं नाही. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मारलवाई गावच्या कनकराजूंचं उदाहरण घ्या. यवतमाळ-चंद्रपूरला लागून असलेला तो मुलूख. गोंड राजांचा, आणि मराठीही कळणारा. दिवाळीच्या दिवसांत तिथं दंडारी निघते, गुसाडी नाचतात: डोक्यावर मोरपिसांचा मोठा टोप, अंगाला राख, हातात काठी. एक गाव दुसऱ्या गावाकडे पाहुणं जातं आणि रात्र नाचात जाते. कनकराजूंनी तो नाच इंदिरा गांधींसमोर नेला, आणि परत येऊन तरण्या पोरांना शिकवत राहिले. 2021मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2024मध्ये ते गेले. दिल्लीच्या मंचानं नाचाला मान दिला हे खरं. पण नाच उरला तो त्यांनी शिकवलेल्या पोरांमुळे, आणि ती पोरं दरवर्षी दिवाळीत गावोगाव फिरतात म्हणून.

आधुनिक नृत्याच्या आपल्या पहिल्या मोठ्या शाळेचा इतिहासही हेच सांगतो. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या उदय शंकर यांनी 1930च्या दशकाच्या शेवटी अल्मोड्याला संस्कृती केंद्र काढलं. कथकळी, भरतनाट्यम्, मणिपुरी आणि अलाउद्दीन खाँसाहेबांचं संगीत एकाच आवारात. पैशाअभावी ते काही वर्षांतच बंद पडलं. तरी गुरुदत्त, झोहरा सेहगल, शांता गांधी तिथूनच बाहेर पडले. तिथं घडलेल्या शांती बर्धन यांनी 1952मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रुप उभा केला. 1983मध्ये रविशंकर यांनी थोरल्या भावाच्या स्मरणार्थ दिल्लीत ‘उदय उत्सव’ भरवला. तोवर अल्मोड्याचं केंद्र बंद पडून जवळपास चाळीस वर्षं झाली होती. त्यापुढच्याच वर्षी कचारगडची यात्रा सुरू झाली, हा निव्वळ योगायोग. पण दोन्हीकडे शाळेची इमारत गेलेली होती आणि माणसं उरलेली होती. फरक इतकाच की अल्मोड्याचे विद्यार्थी नामवंत होते, मोजता येत होते. कचारगडचे मोजायचे तर अख्खा समाज मोजावा लागेल.

इमारत पुन्हा बांधायचाही एक प्रयत्न झाला, आपल्याच राज्यात. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं मोडलेलं गोटूल सागवानी लाकडानं नव्यानं उभं केलं. वनखात्यानं ते बेकायदा ठरवून उतरवलं. मग आसपासच्या गावांनी एकजुटीनं आपापल्या गावात गोटूल बांधायला घेतलं. पुढे याच मेंढ्याला 2009मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या गावानं जंगलावरच्या हक्काच्या आधी गोटूलसाठी भांडण मांडलं होतं, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. जिथं पोरं एकत्र नाचतात तिथंच ती पुढे एकत्र बसून ठराव करतात.

उषाकिरण आत्राम यांच्या मराठी कवितासंग्रहाचं नाव ‘मोट्यारिन’ आहे. गोटूलमधल्या मुलीला मोट्यारिन म्हणतात. गोटूल जिथं राहिलं नाही तिथल्याही वाचकाला ती मुलगी कवितेतून भेटली. आज कचारगडला येणाऱ्या कॉलेजातल्या मुली मोबाइलवर रेल्याची चित्रफीत बघून पावलं बसवतात आणि पिवळी साडी नेसून मंचावर चढतात. त्यांना उगाच हिणवू नये. त्यांच्या आजीला नाच अंगणात मिळाला, यांना तो आधी पडद्यावर भेटतो. पण चित्रफितीत पाऊल दिसतं, कमरेचा झोका लागत नाही. तो लागायला मंचावरून उतरून ओळीच्या शेपटाला उभं राहावं लागतं.

आयोजकांना म्हणूनच एक सुचवावंसं वाटतं. बक्षिसांच्या स्पर्धा राहू द्या, भाषणं राहू द्या, शासनाच्या योजनांचे मंडप राहू द्या. पण पाच रात्रींतली एक रात्र धनेगावच्या मैदानातला भोंगा बंद ठेवा आणि मंचावरची सगळी पथकं खाली उतरवा. बालाघाटची करमा, गडचिरोलीचा रेला, तेलंगणाची दंडारी, सालेकशाच्या गावांतली दंडार एकमेकांच्या ओळीत मिसळू द्या. कुणी कुणाचा नाच चुकीचा नाचेल, हसतील, पुन्हा धरतील. लिंगोनं 33 मुलांना एकत्र शिकवून चारी दिशांना पाठवलं. चार दिशांची ती मंडळी एकमेकांपासून काहीतरी शिकून घरी गेली, तरच तिला शाळेची वर्षगाठ म्हणता येईल. नाहीतर ती गर्दीची आणखी एक जत्रा.