मधुमेहात जखम का चिघळते? एक कारण अस्थिमज्जेतही

सांगानेर (जयपूर) : जयपूरचा विमानतळ सांगानेरला आहे. तेथे उतरून कृत्रिम पायासाठी शहराकडे जाणाऱ्यांमध्ये अपघातग्रस्तांबरोबर मधुमेहाने पाय गमावलेलेही असतात. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८च्या सुमारास घडवलेल्या ‘जयपूर फूट’ने असंख्य लोकांना पुन्हा उभे केले. पण तळपायाची एवढीशी जखम पाय कापण्यापर्यंत का चिघळते, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. बधिर झालेल्या नसा आणि अरुंद रक्तवाहिन्या ही कारणे परिचित आहेत. आणखी एक कारण हाडांच्या आत, अस्थिमज्जेत सापडते.

अस्थिमज्जेतील मूलपेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, दररोज सुमारे २० हजार कोटी तांबड्या रक्तपेशी तयार होतात. इजा झाली की काही मूलपेशी मज्जा सोडून रक्तात उतरतात आणि नव्या रक्तवाहिन्यांच्या उभारणीला हातभार लावतात. एरवी त्यांना मज्जेत धरून ठेवते ते ‘सीएक्ससीएल-१२’ हे प्रथिन. चेतातंतूंचा संदेश आला की त्याचे प्रमाण घटते व पेशी सुटतात. दीर्घकाळ चढ्या राहिलेल्या साखरेमुळे मज्जेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या विरळ होतात, चेतातंतू क्षीण होतात आणि हे प्रथिन हवे तेव्हा उतरत नाही. पेशी असतात, पण जागच्या हलत नाहीत.

प्रत्यारोपणासाठी रक्तातून मूलपेशी गोळा करताना याचा प्रत्यय येतो. त्यासाठी दिल्या जाणाऱ्या ‘जी-सीएसएफ’ या औषधाला मधुमेही रुग्ण कमी प्रतिसाद देतात, असे २०११ व २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसले. उलट, दाह वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशी मज्जा अधिक घडवते, असे उंदरांवरील प्रयोग सांगतात.

मग पेशींना औषधानेच बाहेर काढले तर? इटलीतील पाडुआच्या संशोधकांनी ‘प्लेरिक्साफॉर’ देऊन तेही करून पाहिले. पेशी रक्तात आल्या. मात्र जखमा भरण्याच्या चाचणीत अपेक्षित लाभ झाला नाही. केवळ दार उघडून भागत नाही, बाहेर पडणारी पेशीही सक्षम हवी, असा याचा अर्थ लावता येईल.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, त्यामुळे ‘स्टेम सेल’च्या जाहिरातींना गिऱ्हाईक मिळते. २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मात्र मूलपेशींचा मान्य उपचार प्रामुख्याने रक्तविकारांतील प्रत्यारोपणापुरता ठेवला आहे; मधुमेह त्यात नाही. शिवाय रुग्णाच्या स्वतःच्याच मज्जेतील पेशी वापरायच्या म्हटल्या, तर त्या याच आजाराने आधी दुबळ्या झालेल्या असू शकतात.