धाप लागते ती पायांमुळे

खेड तालुक्यातला महिपतगड चढताना धाप लागली की ‘वर हवा विरळ’ असं सर्रास म्हटलं जातं. पण गड हजार मीटरच्या आतच आहे. तिथे हवेचा दाब जेमतेम दहा टक्के घटतो आणि रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूने जवळपास भरलेलंच राहतं. खरी मागणी पायांची. पावलं उचलण्याचा हुकूम देतानाच मेंदू श्वास वाढवतो. चढ तीव्र झाला की स्नायूंतलं आम्ल रक्तात उतरतं आणि विश्रांतीत मिनिटाला सहा-सात लिटर लागणारी हवा शंभर लिटरपर्यंत जाऊ शकते. मग फुप्फुसंच तोकडी पडतात का? निरोगी माणसात सहसा नाही, आधी हृदयाची रक्त पोचवण्याची मर्यादा येते. म्हणूनच सरावाने हृदय आणि स्नायू सुधारतात, फुप्फुसं फारशी वाढत नाहीत. दम्याचा हिशेब अर्थात वेगळा. तिथे श्वासनलिकाच आकसतात.