मुलांसाठी स्केट्स निवडताना: आधी माप, मग तयारी, शेवटी वेग

मूल महिनाभर स्केटिंगच्या क्लासला रमले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. स्वतःचे स्केट्स घ्यायचे, पण कोणते? दुकानदार चाके आणि बेअरिंगबद्दल सांगतो, क्लासमधली मोठी मुले वेगवान स्केट्स सुचवतात, आणि घरी विचार होतो, ‘पाय वाढतोय, एक नंबर मोठाच घेऊ.’ यातला शेवटचा विचार सर्वांत जास्त दुखापतींना आमंत्रण देतो.

स्केट्स हे खेळणे नाही. तो पायाच्या मापाचा आणि मुलाच्या आजच्या तयारीचा असायला हवा असा बूट आहे. पुढच्या वर्षीच्या मापाचे किंवा पुढच्या पातळीचे स्केट्स घेतले की तोल सुटतो. तोल गेला की माणूस आपोआप हात टेकतो आणि सगळा भार मनगटावर येतो. म्हणूनच स्केटिंगमध्ये सर्वाधिक दुखापती मनगटाला होतात. मुलांमध्ये मनगटाजवळच हाडाची वाढ होणारा भाग, म्हणजे ग्रोथ प्लेट असते. तिला इजा झाली आणि उपचार वेळेवर झाले नाहीत, तर हाडाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

माप कसे घ्यावे?

कपडे वाढत्या अंगाचे घेता येतात, स्केट्स नाही. माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाऊल थोडे सुजते. दोन्ही पावले कागदावर ठेवून लांबी मोजा आणि मोठ्या पावलाचे माप धरा. स्केटिंगला वापरायचे मोजे घालूनच बूट घालून पाहा.

- सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे अलगद टेकावीत. गुडघे वाकवले की ती किंचित मागे सरकावीत. वाढत्या पायासाठी अर्धा सेंटिमीटर मोकळीक पुरते.
- टाच बुटात घट्ट बसली पाहिजे. गुडघे वाकवून पुढे झुकल्यावर टाच वर उचलली गेली तर तो बूट मोठा आहे.
- लेस बांधून दहा मिनिटे उभे राहू द्या. बोटांना मुंग्या आल्या किंवा पावलाच्या वरच्या बाजूला कळ आली तर बूट अरुंद आहे किंवा लेस फार आवळली आहे.

खर्चाची काळजी रास्त आहे. त्यासाठी लांबी वाढवता येणारे बूट मिळतात. त्यात टाचेचा भाग तसाच राहतो आणि पुढचा भाग सरकतो. मोठ्या नंबरच्या बुटात कापूस कोंबण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सुरक्षित आहे.

अगदी नवशिक्यांसाठी

क्वाड स्केट्सना चार चाके असतात, दोन पुढे आणि दोन मागे. इनलाइनमध्ये सगळी चाके एका ओळीत असतात. क्वाडचा पाया रुंद असल्याने जागेवर उभे राहणे आणि हळू चालणे सोपे जाते. म्हणून बहुतेक मुलांची सुरुवात क्वाडवर होते. पण हे ‘लहान मुलांचे स्केट्स’ असा समज करून घेऊ नका. अमेरिकेत १९३५ साली शिकागोत सुरू झालेला रोलर डर्बी हा धक्काबुक्कीचा खेळ आजही क्वाडवरच खेळतात, कारण झटकन वळणे आणि बाजूला सरकणे त्यावर सोपे जाते.

नेहमीच्या बुटावर पट्ट्यांनी बांधायचे स्केट्स स्वस्त असतात. पहिले काही महिने, सपाट जागी, कमी वेगात ते चालतात. मात्र खाली लेसचा स्पोर्ट्स शूज हवा, सँडल नको. प्रत्येक वेळी नट आणि पट्टे घट्ट आहेत का ते पाहा. या स्केट्समध्ये घोट्याला आधार नसतो, त्यामुळे वेग वाढला की ते बदलायलाच हवेत.

मधल्या पातळीसाठी

पातळी वयावर किंवा क्लासच्या महिन्यांवर ठरत नाही. मुलाला चार गोष्टी जमतात का ते पाहा: हवे तिथे थांबणे, दोन्ही बाजूंना वळणे, एका पायावर काही सेकंद तोल सांभाळणे आणि पडल्यावर आधाराशिवाय उठणे. या जमत असतील तर बूट जोडलेले स्केट्स घ्या, क्वाड किंवा इनलाइन. बूट घोट्याच्या वरपर्यंत यावा आणि बाजूने दाबल्यावर सहज दुमडू नये. ब्रेक आहे ना, ते तपासा. क्वाडला तो सहसा पुढे आणि इनलाइनला टाचेमागे असतो.

चाकांवर ७८ए, ८५ए असे आकडे असतात. आकडा कमी तितके चाक मऊ. सोसायटीच्या खडबडीत जमिनीवर ७८ए ते ८२ए ची मऊ चाके धक्के शोषतात आणि पकड देतात. गुळगुळीत रिंकवर कडक चाके चालतात. लहान, कडक चाक रस्त्यावरच्या खड्यात अडकते आणि मूल तोंडावर पडते. बेअरिंगवरचा एबेक ३, ५, ७ किंवा ९ हा आकडा ते किती अचूक बनवले आहे हे सांगतो. त्यावरून स्केट्स किती चांगले आहेत हे ठरत नाही. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

स्पर्धेसाठी

वेगाच्या शर्यतीचे इनलाइन बूट घोट्याखाली संपतात. चाके मोठी, १०० ते ११० मिलिमीटरपर्यंत असतात आणि टाचेला ब्रेक नसतो. घोट्याचा आधार बुटातून नाही, तर स्नायूंतून येतो. ते स्नायू तयार होण्याआधी हे स्केट्स दिले तर घोटे आत झुकतात, पाऊल आणि नडगी दुखू लागते आणि थांबता येत नाही. एक पाय आडवा घासून थांबायला मूल शिकले आहे का, हे प्रशिक्षकांना विचारा. उत्तर ‘हो’ असेल तरच खरेदी करा.

स्केट्सच्या आधी गार्ड

१९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या इनलाइन स्केटिंगवरील अभ्यासात रिस्ट गार्ड न घालणाऱ्यांमध्ये मनगटाच्या दुखापतीची शक्यता सुमारे १० पट आढळली. गार्डची कडक पट्टी मनगट फार मागे वाकू देत नाही आणि तळहाताला जमिनीवर घसरू देते. बजेट कमी असेल तर साधे स्केट्स घ्या, पण हेल्मेट, रिस्ट गार्ड, एल्बो पॅड आणि नी पॅड यांत काटकसर नको. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटे वर, कपाळ झाकून बसले पाहिजे. वापरानंतर बुटाचे अस्तर आणि गार्ड वाळवा, नाहीतर पायाच्या बोटांमध्ये बुरशी होते. टाचेवर फोड आला तर तो फोडू नका.

पडल्यावर डॉक्टरांकडे कधी जावे?

‘बोटे हलतात म्हणजे हाड मोडलेले नाही’ हा समज चुकीचा आहे. मुलांचे हाड ओल्या फांदीसारखे अर्धवट मोडू शकते. तेव्हा सूज कमी असते आणि बोटेही हलतात. मनगटाच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, मूल तो हात वापरायचे टाळत असेल किंवा मनगट वाकडे दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोपर्यंत जाड पुठ्ठा किंवा घडी घातलेले वर्तमानपत्र हाताखाली बांधून हात झोळीत ठेवा. तेल लावून चोळू नका, ओढून सरळ करू नका. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर पहिला एक्स-रे नॉर्मल येऊनही हाड मोडलेले असू शकते. डॉक्टरांनी पुन्हा बोलावले तर जरूर जा.

खरचटले असेल तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, धनुर्वाताची लस झाली आहे का ते पाहा. डोक्याला मार लागल्यावर शुद्ध हरपणे, वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा झटका यापैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठा.

दर तीन महिन्यांनी मुलाचे पाऊल पुन्हा मोजा. बूट लहान झाला असेल तर बदला. वेगवान स्केट्ससाठी मात्र घाई करू नका. मूल नीट थांबायला शिकले की मग त्यांचा विचार करता येईल.